संदेश न्हाय, वारा हाय

माझ्यासमोर कुणी ‘कार्टून’ म्हटलं की माझं डोकं सटकतं. शब्दात वाईट काही नाही, कबूल. पण म्हणणाऱ्याच्या तोंडावर जे हसू असतं ना, ‘अगं, या वयात?’ वालं, ते मला सोसत नाही. मी चाळिशी ओलांडलेली बाई आहे. पूर्ण्याला एका गोदामात बिलिंगचं टेबल सांभाळते, दिवसभर ट्रकवाल्यांशी हिंदीत भांडते, खारबावला घरी येऊन भात टाकते आणि मग जपानी ॲनिमे बघत बसते. कॉलेजात असताना भावाच्या कॉम्प्युटरवर पहिला बघितला, तेव्हापासून बघते आहे. सोड म्हणणारे आले आणि गेले.

ज्यांनी बघितलं नाही त्यांना एवढंच सांगते. त्या लोकांच्या सिनेमात एखादी बाई भाताच्या पातेल्यावरचं झाकण काढते, वाफ वर जाते, आणि ती बाई नुसती त्या वाफेकडे बघत उभी राहते. कुणी गाणं म्हणत नाही, कुणी घसरून पडत नाही. ती वाफ कुणीतरी पाठ मोडेस्तोवर बसून काढलेली असते, एकेक कागद करून. माझ्या डोळ्यांत टचकन पाणी येतं. नवरा विचारतो, “कांदा चिरतेस काय?”

आणि मग ते पुरस्कार. तो मोठा परदेशी सोहळा आपल्याकडे सोमवारी सकाळी लागतो, आणि त्या दिवशी मी कामावर उशिरा जाते, साहेब काय बोलायचं ते बोलो. ॲनिमेशनची पाळी आली की दोन नट स्टेजवर येतात आणि हसत हसत सांगतात, हे सिनेमे पोरांनी लावून लावून आमचं डोकं खाल्लंय. सगळं थिएटर हसतं. पाकीट उघडतं आणि बहुतेकदा बक्षीस बोलणाऱ्या प्राण्यांना जातं. आमच्यातला एखादा जिंकतो, नाही असं नाही, पण तो त्या कोपऱ्यातल्या कोपऱ्यात. वर्षातला सगळ्यात चांगला सिनेमा म्हणून अजून एकाही ॲनिमेशनला ते बक्षीस मिळालेलं नाही. लग्नात आपण पोरांची पंगत आधी उरकून घेतो, त्यातलाच प्रकार. वाढतात सगळं, पण यजमान खरा आग्रह करायला येतो तो नंतरच्या पंगतीत.

या माझ्या रागाला जो जोडीदार मिळाला, त्याचा मी स्वप्नातही विचार केला नव्हता. माझे सासरे.

बाबांचे निजामपुऱ्यात कापड विणायचे लूम होते. सगळा जन्म त्या खटखटीत गेला. लूम विकले तोवर खटखटीने कान खाऊन टाकले होते. लूम चालू असले की बोललेलं कुणालाच ऐकू येत नाही, म्हणून तिथली माणसं एकमेकांचे ओठ बघून आणि हाताच्या खुणांनी बोलतात. बाबा त्यात पटाईत. समोर तोंड करून सावकाश बोललं तर त्यांना बरंचसं कळतं. पण घोळक्यात कुणाकुणाचे ओठ बघणार? एका हळदीला चार जणांनी एकदम काहीतरी विचारलं, बाबांनी काहीतरी उत्तर दिलं आणि अख्खा मांडव हसला. वाईट मनाने नसेल हसला. पण बाबा उठले, घरी आले, आणि त्यानंतर ना लग्न, ना बारसं, ना देवळाचा कट्टा.

कानाच्या डॉक्टरकडे चला म्हटलं की ते डोळे मिटून घ्यायचे. बहिऱ्या माणसाने डोळे मिटले की विषय संपला, मग बसा भिंतीशी बोलत. नवऱ्याने प्रयत्न करून सोडून दिला. “जाऊ दे,” म्हणाला, “त्यांना न्हाय जायाचं तर न्हाय.” मला जाऊ द्यायचं नव्हतं. हा माणूस एकेकाळी वरातीच्या पुढे बँजोवाल्याला दम लागेपर्यंत नाचायचा. तो आता खुर्चीत बसून भिंतीवरच्या पालीशी ओळख वाढवत होता. मला रडू यायचं आणि रागही यायचा, दोन्ही एकदम. बाबा परत माणसांत यावेत, एवढंच मला हवं होतं. कसं, ते ठाऊक नव्हतं.

टीव्हीचा त्यांना उपयोग नव्हता. मालिकेतल्या बायका पाठ फिरवून रडतात, मग ओठ दिसणार कसे? एका रविवारी दुपारी मी माझा सिनेमा लावून बसले होते. लेक शिकायला पुण्याला गेली तेव्हा तिचं ॲप टीव्हीवर लावून गेली होती, तीच काय ती आमची चैन. बाबा मागे येऊन उभे राहिलेले मला कळलंच नाही. एकदम विचारलं, “ही पोर काय बोलते?”

तेव्हा कुठे माझं पडद्यावरच्या ओठांकडे लक्ष गेलं. नुसती उघडझाप. ओठ वाचण्यात हयात गेलेला माणूस, पण चित्रातले ओठ कुणाच्या बापाला वाचता यायचे नाहीत. खाली अक्षरं येत होती ती इंग्रजी, आणि इंग्रजीचं नि बाबांचं कधी पटलं नाही. मग मी पाट घेतला, टीव्हीच्या खाली बाबांकडे तोंड करून बसले, आणि मान वळवून अक्षरं वाचायची, परत मान वळवून ते मराठीत ओठांनी सांगायचं, असं सुरू केलं.

बस, तेव्हापासून माझा संसार त्या पाटावर. राजकन्या मी, तिची आत्या मी, राक्षस मी, बोलणारं झाड मी. आणि बाबांच्या तक्रारी काय विचारता! “राक्षसाचा तोंड नीट कर, दाढ दुखते काय त्याची?” “सावकास सांग, तोंडात भात हाय का?” एकदा मी कंटाळून दोन वाक्यं गाळली, तर म्हणाले, “पोर एवढा वेल रडली नं तू येवढुसाच सांगला?” माझी मान धरली तेव्हा नवरा बाम चोळत म्हणाला, “तुम्ही दोघं कामातून गेलाव.”

बाबांना सगळ्यात काय आवडायचं सांगू? वारा. त्या सिनेमांत मध्येच सगळे गप्प होतात आणि गवतावरून वारा जातो. तेव्हा मला सांगायला काहीच नसायचं. मी पाटावर हात मांडीवर ठेवून गप्प, बाबा खुर्चीत गप्प. मग बाबा बोट दाखवून म्हणायचे, “बग, वारा आला.” मला तो आवाज येत असायचा आणि त्यांना येत नसायचा, पण त्या वेळेला त्याने काही बिघडायचं नाही.

त्यामुळे पुढच्या सोहळ्याच्या सकाळी बाबा माझ्या शेजारी हजर, चहाचा कप घेऊन. स्टेजवर माणसं एकमेकांच्या गळ्यात पडून रडताना दिसली. बाबांनी काळजीने विचारलं, “कोन मेला?”

“कुणी नाही. बक्षीस मिळालं.”

“मंग रडतात कशाला? आमी तर नाचलो असतो.”

आमचा वाफेवाला सिनेमा हरला तेव्हा त्यांनी कप असा आपटला की बशीला तडा गेला. मला इतकं बरं वाटलं! इतकी वर्षं मी एकटीच आपटत होते.

एका वर्षी मात्र आमच्यातला एक जिंकला, आणि बक्षीस घ्यायला कुणी आलंच नव्हतं. पाकीट उघडणाऱ्यानेच ते ठेवून घेतलं. मला ते भारी वाटलं. म्हटलं, बघा, त्यांना तुमच्या बक्षिसाची पडलेली नाही. बाबा भडकले. आमच्याकडे टेनिस बॉलच्या टूर्नामेंटला उत्तेजनार्थ ढाल मिळाली तरी टीम, टीमचे काका-मामा आणि टेम्पोचा ड्रायव्हर स्टेजवर चढतात, फोटोत मावत नाहीत. “बक्षीस लागला नं घेवाला कोन न्हाय? ही काय रीत हाय?” थोडा वेळ धुसफुसले. मग कपाकडे बघत हळूच म्हणाले, “ते भी बहिरे असतील. वर जाऊन सगले काय बोलतात ते कलत न्हाय, मंग कशाला जातील?”

मी उठून आत गेले. भाजी करपते आहे असं सांगितलं.

गेल्या गणपतीत आमच्या मंडळाने घरगुती सजावटीची स्पर्धा ठेवली. मंडळाचा सेक्रेटरी म्हणजे माझा चुलत दीर, सळसळता माणूस, बोलतो जास्त आणि ऐकतो कमी. पारंपरिक, सामाजिक संदेश, पर्यावरणपूरक आणि बालगट, असे गट काढले होते. माझ्या डोक्यात किडा वळवळला. आपण गणपतीला ॲनिमे करायचा. कॉम्प्युटरवर नाही, हाताने. पुठ्ठ्याचं गोल पिंप घ्यायचं, त्याला उभ्या फटी पाडायच्या, आत चित्रांची पट्टी लावायची आणि पिंप फिरवून फटीतून बघायचं, की चित्रं हलायला लागतात. फार जुनी गंमत आहे ही. बाबांना ओठांनी समजावलं. मी बोलत असताना ते माझ्या तोंडाकडे असे बघत होते, जणू मी जेवायला काय केलंय ते सांगते आहे.

चित्रं मी काढली. भाताचं शेत, आणि शेतातून उडणारा बगळा. फिरवायचं काम बाबांचं. माळ्यावर लूमचं उरलंसुरलं सामान होतं, त्यातून त्यांनी एक मोटार काढली, पुसली, जोडली आणि बटण दाबलं. अगं बाई गं! पिंप असं सुटलं की माझे सगळे बगळे पट्टीसकट उडून खिडकीबाहेर शेजारणीच्या दोडक्याच्या वेलावर जाऊन बसले. मी किंचाळले. बाबा मात्र हसायला लागले, खो खो, खुर्चीचा हात धरून. ते हसणं मी किती दिवसांनी बघत होते! किंचाळायचं विसरून मीही हसत सुटले.

मग त्यांनी मोठी पुली लावली, पट्टा बदलला, वेग उतरवला. बगळा उडाला. मी टाळ्या वाजवल्या. बाबांनी फटीला डोळा लावला, बराच वेळ बघितलं आणि विचारलं, “वारा कुठं हाय?”

“बगळा उडतोय ना.”

“बगला उडतो नं भात गप उभा? वाऱ्याबिगर?”

सगळी चित्रं मी पुन्हा काढली. प्रत्येक कागदावर भाताची पाती थोडी थोडी वाकवली. कामावरून येऊन, मान मोडून. “मला काय पगार मिळतो याचा?” मी तोंड मोठं करून विचारलं. बाबा म्हणाले, “त्या जपानवाल्यांना विचार.”

परीक्षक आले तेव्हा बाबा नवी बंडी घालून पिंपाशेजारी उभे होते. अर्जावर स्पर्धक म्हणून नाव त्यांचंच दिलं होतं, गट पर्यावरणपूरक. एका परीक्षकांनी फटीला डोळा लावला, त्यांचा चष्मा अडकला, तो सोडवण्यात बगळा उडून गेला. दुसरे म्हणाले, “छान आहे. पण यातून संदेश काय?” आधीच्या घरात ते ‘मोबाईल सोडा, पुस्तक धरा’ बघून आले होते, तिथे संदेश फाटकापासूनच सुरू होत होता. बाबा माझ्याकडे बघू लागले, काय विचारलं म्हणून. माझ्या तोंडून निघून गेलं, “संदेश न्हाय, वारा हाय.” परीक्षकांनी एकमेकांकडे बघितलं आणि काहीतरी लिहून घेतलं.

बक्षिसाच्या दिवशी दुपारी दिराचा फोन आला. “वहिनी, पेढे काढा! पयला नंबर!”

मी गोदामात सगळ्यांदेखत ओरडले.

“बालगटात,” तो म्हणाला.

“काय?”

“बालगटात पयला.”

“अरे, आम्ही पर्यावरणपूरकमध्ये नाव दिलं होतं!”

“हो, पन परीक्षक बोलले का हे कार्टून हाय. कार्टून म्हंजे बालगटच ना वहिनी? मी बोललो, बसवा तिकडं. सरळ पयला बसला.”

“अरे सत्तरी ओलांडलीय बाबांनी!”

“बक्षीस ते बक्षीस वहिनी. आता बॅनर भी छापला.”

ते परदेशातले नट परवडले. ते निदान माझ्या नात्यातले नाहीत, सणाला त्यांच्या पानात पुरणपोळी वाढावी लागत नाही.

राग एकीकडे, पण मला भीती वाटली ती वेगळ्याच गोष्टीची. बाबा स्टेजवर, आजूबाजूला चिल्लीपिल्ली, आणि समोर गाव हसतंय. पुन्हा. एकदा हसण्यावरून हा माणूस घरात बसला होता, आता तर खोलीबाहेर यायचा नाही. आणि हे सगळं माझ्या हौसेपायी. नवरा म्हणाला, “सांग त्यांना, नंबर न्हाय आला.” मीही तेच ठरवून घरी आले. तर बाबा पांढरा शर्ट इस्त्री करून बसलेले! दीर जाता जाता खिडकीतून एक बोट वर करून दाखवून गेला होता. पहिला नंबर, एवढंच त्यांना कळलेलं.

मी समोर बसले. “बाबा, ऐका, ते बक्षीस ना, पोरांच्या...” त्यांनी माझ्या ओठांकडे बघितलं, काहीतरी नको ते येतंय हे ओळखलं आणि डोळे मिटून घेतले. मी हलवलं, चिमटा काढला. डोळे मिटलेले. शेवटी मी चपला घातल्या.

मंडपात पाय ठेवायला जागा नव्हती. बाबा इतक्या दिवसांनी आलेले बघून माणसं उठून हात जोडत होती, आणि बाबा सगळ्यांना नुसतं मान हलवून पुढे सरकत होते, कुणी काही विचारू नये म्हणून घाईघाईने. मोठ्यांची बक्षिसं झाली, चषक, मिक्सर, कुकर. मग दिराने माईक तोंडाला लावला. “आता आपल्या छोट्या कलाकारांकडं वळूया. बालगट!” तिसरा, दुसरा, आणि मग बाबांचं नाव.

बाबा माझ्या कोपराचा आधार घेऊन पायऱ्या चढले. खुर्च्यांमधून हसू सुरू झालंच. सरपंच हातात बक्षीस धरून घोटाळले. बक्षीस म्हणजे शाळेचं दप्तर होतं, निळं, वर पाण्याची बाटली. बाबांनी ते बघितलं. शेजारी रांगेत उभी असलेली, कमरेएवढी पोरं बघितली. मला वाटलं, जमीन दुभंगून मला पोटात घेईल तर बरं. बाबांनी वळून दोन्ही हात पट्ट्यांत घातले, दप्तर पाठीला नीट लावलं आणि रांगेत जाऊन उभे राहिले. शिट्ट्या पडल्या.

दुसरा नंबर आलेली मुलगी त्यांच्या शेजारी होती. ‘मोबाईल सोडा, पुस्तक धरा’वाली, तिसरी-चौथीतली, दोन घट्ट वेण्या. ती मघापासून त्यांच्याकडे रागाने बघत होती. तिने त्यांचा शर्ट ओढला. बाबा वाकले. तिने दोन्ही हातांचा द्रोण करून त्यांच्या कानाला लावला आणि कानात सांगितलं. म्हणजे तिला वाटलं कानात. दिराच्या हातातला माईक तिच्या डोक्याशीच होता.

“आजोबा, ही चीटिंग हाय. तुम्ही लहान न्हाय.”

मंडप फुटला. म्हाताऱ्या बायका डोळ्यांना पदर लावून हसत होत्या, दीर माईकमध्येच हसत होता. मी बाबांकडे बघितलं. आता उतरतील, मी मनात म्हटलं, आता पायऱ्या शोधतील. बाबांनी समोरचं सगळं हसणारं गाव बघितलं, मग खाली त्या पोरीकडे बघितलं. ती एकटीच हसत नव्हती. हाताची घडी घालून, मान वर करून ती उत्तराची वाट बघत होती. बाबांच्या उत्तरासाठी अशी कुणी वाट बघितल्याला फार दिवस झाले होते. ते उतरले नाहीत. फोटो झाला, दुसऱ्यांदा झाला, तरी ते तिथेच, तिच्याकडे बघत.

घरी येताना आम्ही दोघं चालत निघालो. दप्तर त्यांच्या पाठीवरच होतं. दिव्याच्या खांबाशी ते थांबले आणि माझा दंड धरून मला उजेडात उभं केलं, तोंड दिसेल असं.

“ती पोर काय बोलली?”

वाक्य माझ्या ओठांवर आलं होतं. राजकन्या, राक्षस, झाड, सगळ्यांची वाक्यं मीच तर सांगत आले होते, हेही आपोआप निघालं असतं. मी ओठ दाबून धरले. मग सावकाश, एकेक अक्षर सोडवून सांगितलं, “मला न्हाय ऐकू आलं.”

“सगला गाव हसला. नं तुला न्हाय ऐकू आला?”

“न्हाय.”

ते माझ्याकडे बघत राहिले. मीही बघत राहिले, आयुष्यात इतकी निर्लज्ज मी कधी झाले नव्हते.

“ती वाट बगत होती,” ते म्हणाले. “मी काय्येक बोललो न्हाय तिला.”

दोन पावलं चालले, पुन्हा थांबले.

“कानात बोलते ती. तोंड दिसत न्हाय तिचा.” मग दप्तराचे पट्टे वर ओढत म्हणाले, “सकाली डॉक्टरकडं जाऊ. आधी डॉक्टर, मंग तिच्या घरी.”